टेलची माणसं

"कुणी उठा म्हणलं तरी उठायचं न्हाय," कुंडलिक बायकोला म्हणाला. "पहाटेपासनं धरलेला नंबर हाय. जीव गेला तरी सोडायचा न्हाय."

"जीव गेल्यावर त्या नंबराचं काय लोणचं घालायचंय?" अनिता म्हणाली. पण तीही छकुलीला मांडीवर घेऊन गच्च बसून राहिली.

रांगेत एकशेतीस माणसं होती. नऊ देशांची. सगळी त्या आफ्रिकेतल्या साखर कारखान्यावर पोटापाण्यासाठी आलेली. कुंडलिक तिथला साखर शिजवणारा पॅनमन. गाव अंथुर्णे, तालुका इंदापूर. देशात यादवी पेटली होती. सैन्याचेच दोन तट पडून एकमेकांच्या उरावर बसले होते. काल कारखान्याच्या गेटवर गोळ्या चालल्या, आणि पहाटे शांतिसेनेनं परदेशी माणसांना या मातीच्या धावपट्टीवर आणायला सुरुवात केली. हेलिकॉप्टर एकच. एका फेरीला बावीस जण. सहा फेऱ्या लागणार, आणि अंधार पडला की उड्डाण बंद. उद्या धावपट्टी कुणाच्या ताब्यात असेल, देव जाणे.

निळं हेल्मेट घातलेला, शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीचा एक सुभेदार यादी घेऊन रांगेच्या तोंडाशी आला. पहिलंच नाव-गाव वाचून थबकला.

"अंथुर्णं? आपलं अंथुर्णं?"

"व्हय! तुमी कुठलं?"

"वडगाव निंबाळकर, तालुका बारामती. मानसिंग."

कुंडलिकला भरूनच आलं. आपला माणूस! आता कशाची काळजी? मानसिंगरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, रांगेवरून शेवटापर्यंत नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, टेलकडनं सुरुवात करायची म्हणतोय."

नीरेच्या डाव्या कालव्यावर वाढलेल्या माणसाला हे उलगडून सांगावं लागत नाही. वरच्या अंगाला बारामतीची गावं, टेलला म्हणजे कालव्याच्या शेवटाला इंदापूर. पाणी सुटलं की वरची रानं आधी भिजणार, म्हणून नियम असा की शेवटच्या शेताला आधी पाणी द्यायचं आणि मग वर सरकत यायचं. नियम कागदावर मोठा झकास दिसतो.

कुंडलिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा! तितं तुमी वर आन् आमी टेलला. जल्मात एकदा पयला नंबर लागला, तर हितं बी बारामतीकरानंच आमचं पाणी तोडायचं?"

मानसिंगराव हसले नाहीत. "शेवटाला एक गोळी लागलेला हाय. आठ दिसांची बाळंतीण हाय. लांबच्या फार्मवरनं चालत आली, म्हणून मागं ऱ्हायली. मधनंच उचलून पुढं आणलं तर रांग फुटंल, चेंगराचेंगरी हुईल. माझ्याकडं माणसं सातच. पण पयला नंबरवाला आपणहून बसून ऱ्हायला, तर मागचा कुणी तोंड उघडायचा न्हाय."

"आन् सहावी फेरी आलीच न्हाय तर?"

"न्हाय बी येणार. खोटं कशाला बोलू?" मानसिंगरावांचा आवाज खाली आला. "परक्याला थांब म्हणायला जीभ रेटत न्हाय, पाव्हणं. आपल्या माणसालाच म्हणता येतं."

कुंडलिकनं अनिताकडं पाहिलं. ती रांगेच्या शेवटाकडं बघत होती. मग तिनं पिशवी उशाला ठेवली आणि छकुलीला जमिनीवर आडवं केलं. "नीज गं," ती म्हणाली, "आपल्याला येळ हाय."

कुंडलिक वळला आणि रांगेच्या शेवटाकडं तोंड करून मांडी घालून बसला. मानसिंगरावांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत घोषणा केली. एकदम गलका उठला. सगळ्यांनी पहिल्या नंबराकडं पाहिलं. पहिला नंबर बसला होता. मागचा इजिप्तचा इंजिनिअर काही पुटपुटला आणि बसला. मग तिसरा, चौथा. बघता बघता एकशेतीस माणसं पंगत बसावी तशी खाली बसली. पलीकडं गोळ्यांचे आवाज येत होते, आणि इथं कुणी कुणाला कोपर लावत नव्हतं. गोळी लागलेला गेला. बाळंतीण गेली. उभ्या जन्मात कुंडलिकनं हा नियम पाळलेला पहिल्यांदाच पाहिला होता.

पाचवी फेरी गेली तेव्हा ऊन पार उतरलं होतं. वीस माणसं उरली. अनिता डोळे मिटून कुलदैवताला साकडं घालत होती. आकाश तांबडं झालं, मग काळपट व्हायला लागलं. आणि तेवढ्यात घरघर ऐकू आली.

मानसिंगरावांनी स्वतः छकुलीला उचलून आत दिलं. कुंडलिकनं त्यांचा हात सोडला नाही. "चला की, सुभेदार! दोन जागा मोकळ्या हाईत. तुमी कवा निघणार?"

"आमी?" मानसिंगराव म्हणाले. "आमी न्हाय निघत." त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

हेलिकॉप्टर वर उठलं. कुंडलिकनं खिडकीला नाक लावलं आणि तो थिजला. धावपट्टीच्या कडेच्या उंच गोदामामागं, तारेच्या कुंपणाला लागून त्याच देशातली माणसं बसली होती. बायका, म्हातारी, कडेवरची पोरं. पार टेकडीपर्यंत, हजारोंनी. दिवसभरात त्यांचा साधा आवाजही धावपट्टीवर आला नव्हता. धूळ खाली बसली तशी आठ निळी हेल्मेटं त्यांच्याकडं चालत निघालेली दिसली, आणि कुंडलिकचे हात आपोआप जोडले गेले.

त्या माणसांना न्यायला कुठलंच हेलिकॉप्टर येणार नव्हतं.