नवा लूक

गाडीतून उतरल्या उतरल्या वाल्मीकला दिसली ती डोकी. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मैदानावर कबड्डीची पोरं रांगेत उभी होती आणि झाडून सगळ्यांनी गोटा केला होता. कोरी, पांढुरकी डोकी दुपारच्या उन्हात चकाकत होती. सगळ्यात लहान योगेशच्या कानामागे वस्तरा लागलेला, त्यावर कुणीतरी हळद दाबलेली.

"दादा, सेम टू सेम," रांगेतला पहिला, रोहित म्हणाला.

वाल्मीकचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला. खुंट बोचले.

त्याची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर त्याने डोकं दिलं, मिशी दिली. तेरावा आटोपला तसा तो संघाच्या बसमध्ये जाऊन बसला, कारण लीग कुणाच्या घरचं बघत नाही. बाहेर कळू देऊ नका, एवढंच तो संघात म्हणाला. टीव्हीवर बोलणाऱ्याला मात्र विषय मिळाला. 'वाल्मीक का नया लूक' असं तो सामनाभर घोळवत राहिला. त्याच सामन्यात एका चढाईत तिघांना बाद करून वाल्मीक परतला आणि मिशीला पीळ द्यायला नेहमीसारखा हात वर गेला. मिशी नव्हती. हात ओठापर्यंत जाऊन खाली आला.

पोरांनी तेही उचललं होतं. रोहितने मान हलवली, तशा अख्ख्या रांगेने हात ओठापर्यंत नेले आणि खाली सोडले. सगळे हात एकदम. भलतीच तालीम केलेली दिसत होती.

पोरांना कबड्डी शिकवणाऱ्या रविराज सरांचा चेहरा उतरला. दहाव्याला ते घाटावर होते. पोरांनी हा उद्योग सकाळीच, त्यांना न विचारता केला होता. न्हाव्याने म्हणे कात्री धरण्याआधी विचारलं होतं, कोण गेलं रे? पोरांनी सांगितलं, कुणी नाही, स्टाईल आहे.

"अरे गाढवांनो, डोकं कधी करतात माहीत..." सर सुरू झाले, पण वाल्मीकने त्यांचं मनगट धरलं. त्या पकडीतून भलेभले सुटत नसत.

"एक नंबर," वाल्मीक पोरांना म्हणाला.

मग तो रांगेतून फिरला. प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला, कुणाच्या टी-शर्टवर सही केली, कुणाबरोबर फोटोला ओठापर्यंत हात नेऊन खाली सोडला. पायात काही नाही, अशा पोरांशी खेळायचं म्हणून आपलेही बूट काढून ठेवले. चढाईला गेला आणि मुद्दामच हळू परत फिरला. पोरांनी त्याला घोट्यात धरलं, कमरेत धरलं, आडवं पाडलं, आणि उरलेली वरून पडली. तो मातीत गाल टेकून पडून राहिला. अंगावर सात-आठ पोरांचं ओझं होतं. बरं वाटायला हवं होतं. त्याने जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही.

तेवढ्यात रोहितची आई आली. हाताला कणीक तशीच. तिने ढिगातून बरोबर आपलं डोकं ओळखलं आणि कान धरून बाहेर काढलं. पोराला ती काही बोलली नाही. बोलली ती वाल्मीकला.

"तुम्ही मोठे खेळाडू, भाऊ. पण तुमच्या या थेरांपायी माझ्या पोरानं बाप जिवंत असताना डोकं भादरलं. शेजारीण येऊन विचारून गेली, कोण वारलं म्हणून. याचे पप्पा ड्यूटीवरून आले की काय सांगू मी त्यांना?"

वाल्मीक उठला. अंगाची माती झटकली नाही.

"चुकलं माझं, ताई."

"चुकलं काय? पोरं तुमच्याकडं बघून..."

आणि मग तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. नाकाखाली, मिशीच्या जागी, रापलेल्या चेहऱ्यावर एक फिकट पट्टा होता. स्टाईल करणारा गडी मिशी ठेवतो. तिने रविराज सरांकडे पाहिलं. सर स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

कानावरची बोटं सुटली. रोहित तिथेच उभा राहिला, आता पळावं की थांबावं हे न कळून. सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने हाताची कणीक एका बोटाने दुसऱ्या बोटावरून खरवडली.

"केसच आहेत," ती म्हणाली. "येतील."

आणि घरी न जाता मैदानाच्या कडेला जाऊन बसली.

पोरांचा जीव भांड्यात पडला. योगेशची नी-कॅप घसरली होती. वाल्मीक त्याच्यापुढे उकिडवा बसून ती वर ओढू लागला. योगेश त्याच्या खांद्याला धरून एका पायावर डुगडुगत होता.

"दादा, मला आईनं लाटण्यानं मारलं."

"लागलं का?"

"लय नाय. तुमच्या आईनं नाय मारलं तुम्हाला?"

कडेला बसलेली बाई उठता उठता थांबली.

"तिनं अजून बघितलं नाय," वाल्मीक म्हणाला.

योगेशने त्यावर विचार केला. आपल्यावरच बेतल्यासारखा, मन लावून.

"मग केस येईपर्यंत घरी जाऊच नका."

"नाय जात," वाल्मीक म्हणाला, आणि दुसरा पाय पुढे करायला सांगितला.