गरम अंडी

ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमची रानपाखरं वाळूत खोल अंडी पुरतात. उबवायचं काम डोंगर करतो. माझा धाकटा भाऊ तोमारुम खणत खणत बिळात शिरला होता. बाहेर फक्त पाय होते. अंडी तो पोटाखालून मागे सरकवत होता, मी टोपलीत ठेवत होते. “ताई, बघ कशी गरम आहेत! आत्ताच घातलेली.” “आज एकही पाखरू दिसलं नाही रे.” “तुझं तोंड बघून पळाली असतील!” मीही हसले, गरम म्हणजे ताजं, एवढंच आम्हाला ठाऊक. तेवढ्यात एक अंडं हातातून निसटून दगडावर फुटलं. पण काहीच सांडलं नाही. ते आतून उकडलेलं होतं. दुसरं फोडलं, तेही तसंच. मी त्याचे घोटे धरून ओढू लागले. “अगं, गुदगुल्या होतात!” तो आतून खिदळला. “खाली तर आणखी गरम आहेत!”