तिच्यावरची अंगाई

नागपूरच्या त्या बँडची एकच कॅसेट निघाली. अख्ख्या एकोडीत ती ऐकणारे फक्त आमचे हे. त्यातल्या गाणारीचं कौतुक ताटातला भात निवेस्तोवर चालायचं.

“तू बी तिच्यावानी गाऊन दाखव ना मले!”

“मंग तिलेच आणा पोराले झोपवाले!”

हे धानाच्या बांधीवर गेल्यावर मी कॅसेटच्या रेकॉर्डिंग अडवणाऱ्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि तिची गाणी पुसून माझी अंगाई भरली.

दुपारी पाळण्याजवळ टेप लावला. शब्द माझेच होते, त्यात माझ्या गुणवंतचं नावही होतं. आवाज मात्र तिचा.

मी त्याला उचलून छातीशी धरलं. तो टेपकडे झेपावला आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलला, “आई.”