तीन बोटं

"तीन बोटं. अशी, एकावर एक, उभी. आणि घाला तोंडात," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि सगळं सभागृह खो खो हसत सुटलं.

हसतील नाही तर काय? एरवी सभेत डुलक्या काढणारे दुकानदार, शाळेचे मास्तर, टपालवाला, झाडून सगळे आ वासून बसलेले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ज्याची तीन बोटं जात नाहीत त्यानं मला भेटल्याशिवाय जायचं नाही. पुडीतली तंबाखू-सुपारी गाल आतून आवळत नेते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. पुढे त्याचाच कॅन्सर होतो."

"माझी चार जातात," कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला.

"तुझं तोंड आहे का दुकानाचं शटर," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

पहिल्या रांगेत धाडबाई बसल्या होत्या. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तालुक्यात पुड्या विकायला बंदी आली आणि ती राबवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, तेव्हापासून दुकानदार त्यांना असं म्हणायचे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही. बाईंना ते मनातून आवडायचं. काडेपेटी मागायला म्हणून त्या दुकानात शिरत आणि त्यांचा हात नेमका बिस्किटांच्या बरणीमागे जाई. पकडलेला माल वर्षातून एकदा सभागृहाच्या अंगणात सगळ्यांसमक्ष जाळायचा, अशी पद्धतही त्यांनीच पाडली होती. तोवर तो पोत्यात भरून त्या घरी नेत आणि स्वतःच्या पलंगाखाली ठेवत. ऑफिसच्या कपाटाला कुलूप नव्हतं आणि शिपायावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. त्या गोडसर वासाची त्यांच्या घराला आता सवयच झाली होती. आज तो दिवस होता, आणि यंदा पोतं उचलताना हलकं लागलं. म्हणजे लोक सुधारताहेत, असं त्या सकाळपासून भेटेल त्याला सांगत होत्या.

शेजारी त्यांची लेक बसली होती. सोळा वर्षांची, एकुलती एक. लहानपणी ही पोरगी म्हणजे नुसता धिंगाणा. घरभर शिट्ट्या वाजवायची, सफरचंद दिलं की दातांनी कडाकडा तोडून उभ्या उभ्या फस्त करायची. आणि आता? सफरचंद चाकूनं बारीक चिरून खाते. लहान लहान घास घेते. तिखटाला तर हातही लावत नाही. हळू बोलते, ओठांतल्या ओठांत हसते. आत्या घरी आली की तिला भाचीचं किती कौतुक करू नि किती नको असं व्हायचं. "वहिनी, मुलीला वळण लावावं तर तुम्हीच," ती म्हणायची. दिवसभर धाडी घालून दमलेल्या बाईंचा शीण तेवढ्यानं उतरायचा.

"सगळ्यांना नीट दिसेल असं कोणीतरी वर येऊन दाखवा बरं," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी लेकीला कोपरानं ढोसलं. "ऊठ."

"नको ना, आई."

"लाजायचं काय त्यात? जा म्हणते ना."

"आई, खरंच नको."

पण बाई ऐकतात होय? तिचा दंड धरून त्यांनी तिला स्टेजवर नेलं, डॉक्टरांच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाल्या, "ही माझी लेक. जन्मात पुडीला शिवलेली नाही. बघा आणि शिका." टाळ्या पडल्या. बाई ऐटीत खाली येऊन बसल्या.

मुलीनं बोटं ओठांशी नेली. एक गेलं. दुसरं दातांवर अडलं. लोक हसले, त्यांना वाटलं पोर लाजतेय. "अगं, आ कर की नीट," बाई खालून म्हणाल्या. तिनं जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड काही त्यापुढे उघडेना.

डॉक्टरांनी टॉर्च काढली. जेवढी फट होती तेवढ्यातून आत बघितलं, मग बोटानं गाल दाबून बघितला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माइक बंद केला. "किती दिवस खातेस?" त्यांनी हळूच विचारलं, पण पहिल्या रांगेत ते ऐकू गेलंच.

मुलीनं ओली बोटं ओढणीला पुसली.

चाकूनं चिरलेलं सफरचंद, लहान लहान घास, बंद पडलेल्या शिट्ट्या, सगळं एकदम बाईंच्या डोळ्यांपुढे आलं. ज्याला त्या वळण म्हणून मिरवत होत्या ते दुखणं होतं. रोज समोर बसून जेवत होती पोर, आणि त्यांना कळलं नव्हतं. त्या उठून स्टेजपाशी गेल्या.

"बाई, गाल दगडासारखे झालेत," डॉक्टर म्हणाले. "पण पुडी आजपासून कायमची सुटली तर हे इथंच थांबवता येईल. हिला कुठून मिळते ते आधी शोधा. ती जागा बंद झाली पाहिजे."

बाई दुकानदारांकडे वळल्या. "कोण देतं माझ्या पोरीला? पोटच्या पोरीसारखी आहे ती तुमच्या. कोणी दिली?"

कोपऱ्यावरचा दुकानदार उठून उभा राहिला. "बाई, शप्पथ घेऊन सांगतो. तुमच्या लेकीला पुडी द्यायची छाती आहे का आमच्यापैकी कोणाची?"

"खोटं बोलता. कोणी तरी दिलीच आहे."

"आई, त्यांना नको बोलूस," वरून मुलगी म्हणाली. तोंड नीट उघडत नव्हतं, पण शब्द न् शब्द कळत होता. "मी दुकानात कधी गेलेच नाही. तू घरी आणायचीस, त्यातलंच खायचे."