हरकत विचारायचा फोन

दुपारी एक वाजता मृदुला केळुसकरने नेहमीप्रमाणे वरुडकडच्या एका गावाला फोन लावला. लातूरवर पाऊस पाडायचा असला की हा फोन करायचा, असा तिच्या पाऊस-केंद्राचा नियमच होता. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता उंचावरच्या वेगवान वाऱ्याला वाकवते, आणि तो वाकलेला वारा तिकडच्या संत्र्याच्या बागांवर गारा घेऊन उतरतो. म्हणून तिथल्या सरपंचांना आधी विचारायचं, "काही हरकत?"

सरपंच यमुनाबाई डहाके तीन वर्षं एकच उत्तर देत आल्या होत्या. "नाही वो बाई. लातूरच्या लोकायलेही पानी पाह्यजे." मग मृदुला रकान्यात 'नाही' लिहून मोकळी व्हायची.

आज मात्र त्यांनी उलट विचारलं.

"बाई, हरकत हाये म्हनलं, तं थांबवता येते का?"

"का हो? काय झालं?"

"शाळेतले पोट्टे आज बागेत गेले, वनभोजनाले. शंभरेक असतीन."

मृदुलाने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. लातूरवर अकरापासूनच धो-धो पाऊस कोसळत होता. उत्तर ठरलेलंच असतं, मग त्यासाठी खोळंबायचं कशाला, म्हणून पाऊस सुरू करून मागाहून फोन करायची पद्धत पडली होती. ती तिनेच पाडली होती.

"बाई? थांबवता ना?"

"यमुनाबाई," ती कशीबशी म्हणाली, "पोरांना आधी छपराखाली न्या."