दादांची चव

वाइनच्या टाकीत चव घेणारी नळी सोडताच भिंतीवरची पेटी दादांच्या आवाजात म्हणाली, "कडू लागतेय. अजून गोड करा."

"पुन्हा तेच," शर्वरी वैतागली. तिच्या वडिलांची, म्हणजे दादांची, चव त्यांच्या शेवटच्या वर्षात या पेटीत उतरवून घेतली होती. ते गेल्यावरही दिंडोरीच्या त्या छोट्या घरगुती वायनरीत दादाच वाइन पास करत होते, आणि दरवर्षी गिऱ्हाइकं तुटत होती. "सरबत विकता का, असं विचारतात लोक. आई, दादांना इतकं गोड आवडायचं?"

"छे! चहातही साखर चालायची नाही त्यांना." बाटल्या पुसता पुसता आई थांबली. "शेवटी शेवटी औषधांनी तोंड कडू झालं होतं. माझं वरण ताटासकट सरकवायचे."

शर्वरीनं चमकून पेटीकडे पाहिलं.

मग आईनं टाकीतून थोडी वाइन ग्लासात काढली आणि सावकाश घोट घेतला.

"कडू लागतेय," पेटी पुन्हा म्हणाली.

"अहो, वाइन उत्तम झालीय," पेटीचं बटण बंद करत आई म्हणाली. "आणि तेव्हाचं वरणही चांगलंच होतं."