कानस

पाण्याचा तिसरा पंपही गळायला लागला, तेव्हा मिस्त्रीने पाना खाली ठेवला. या जुन्या पिकअपने सहा महिन्यांत त्याला मेटाकुटीला आणलं होतं.

“दादा, एकदा दुसऱ्या कंपनीचा लावून बघू का?”

“नाव काढू नका!” मालक उखडला. “सासऱ्यांनी मला गाडी विकली तीच या अटीवर. दुसऱ्या कंपनीचा साधा नटसुद्धा लागता कामा नये. त्यांचा पंप चौदा वर्षं चालला, माहितीये?”

मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळला. एकाच कंपनीचा एक पंप चौदा वर्षं चालतो आणि तीन पंप दोन-दोन महिन्यांत मान टाकतात?

“तो जुना पंप ठेवलाय का हो?”

ठेवला होता. मालकाने सीटमागून फडक्यात गुंडाळलेला पंप काढला. “बघा, अस्सल माल!”

मिस्त्रीने तो डिझेलमध्ये बुडवून ब्रशने खसाखसा घासला. चौदा वर्षांचं काळं निघालं. कंपनीच्या नावावर कुणीतरी कानस मारून एकूण एक अक्षर उडवलं होतं. फक्त कडेला अर्धं चिन्ह राहून गेलं होतं आणि ते दुसऱ्याच कंपनीचं होतं.

मालक बराच वेळ त्या चिन्हावरून अंगठा फिरवत राहिला.

“मिस्त्री, असाच एक आणा,” तो हळूच म्हणाला. “लेक गाडी शिकतेय, आजोबांची अट तिला तोंडपाठ आहे. तेव्हा बसवायच्या आधी कानस मारा. आणि सासऱ्यांसारखं कडेचं राहू देऊ नका.”